जिंकून उठला झुलाल

माझा धाकटा भाऊ झुलाल धरणगावच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करायला लागला, की मी चार पावलं लांब जाऊन उभी राहायची. मला लाज वाटायची. पंधराची जुडी तो दहाला मागायचा. भाजीवाली बारावर यायची, हा दहावरच अडून. शेवटी ती उन्हानं आणि ह्याच्या तोंडानं कंटाळून म्हणायची, "ले भाऊ, ले एकदानी." आणि हा गड जिंकल्यासारखी जुडी पिशवीत टाकायचा. त्या वेळी त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात नोटांची जाड गड्डी असायची. दुपारी ती गड्डी घेऊन तो कुठे जाणार, हे मला माहीत होतं, भाजीवालीलाही माहीत होतं.

"दी टाक ना रे तिले. पाच रुपयामा काय जास तुनं?" मी एकदा चिडून म्हटलं.

"अक्का, भाजीवर गया तो पैसा गयाच," तो म्हणाला. "तो काय परत येस? डावमा लावा ते येवानी आशा तरी ऱ्हास."

मी धुळ्याला पोस्टात जन्म काढला. माणसं पैशाशी कशी वागतात ते खिडकीच्या आत बसून पुष्कळ पाहिलं. पण हे असलं गणित मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते माझ्याच भावाच्या तोंडून.

झुलालची गोष्ट निघाली की लोक लगेच विचारतात, किती बुडाला? तर तो बुडाला नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी वाट पाहत बसायला नको. आमच्या वडिलांनी, आबांनी, ठेवलेली काळी जमीन आहे तितकी आहे, विहिरीला पाणी आहे, कापूस दर वर्षी घरात येतो, कोणाचं देणं नाही. तो हरायचा तसा जिंकायचाही, आणि वर्षाचा हिशोब केला तर फार उणं-अधिक नसेल. जे गेलं ते दुसरंच गेलं.

आमच्या खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. इतरांची दिवाळी, तशी आमची आखाजी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, घरोघरी आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. हा झाला बायकांचा सण. पुरुषांचा सण म्हणजे पत्ते. त्या दिवशी पैसे लावून खेळायला कोणाची ना नसते, बायकोचीसुद्धा नाही. आमचे आबा वर्षभर पत्त्याला शिवायचे नाहीत. आखाजीला मात्र जेवण झालं की मारुतीच्या पारावर जाऊन बसायचे, आणि संध्याकाळी घरी आले की उरलेली चिल्लर आईच्या हातावर ठेवून म्हणायचे, "झाली आखाजी." आणि ती खरंच झालेली असायची. दुसऱ्या दिवशी ते वखराला बैल जुंपायचे.

झुलालही तसाच होता. उलट आबांपेक्षा हाताचा मोकळा. मला आखाजीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून तोच धुळ्याला यायचा. एसटीतून उतरायचा तो हातात कागदाची पुडी घेऊनच. कधी गोडीशेव, कधी फुटाणे, एकदा तर नुसताच एक गोल आरसा, त्याला आवडला म्हणून. गावात कासार आला की त्याच्यापुढे मला बसवून म्हणायचा, "मोजू नको, अक्काना हात भर." भागाबाईशी त्याचं लग्न झालं तेव्हा दर बाजाराला तिच्यासाठी काहीतरी यायचं. चाप, रिबन, बोराएवढ्या मण्यांची माळ. सगळं किरकोळ. पण भागा मला हसत सांगायची, "अक्का, त्यास्ना खिसा म्हंजे जत्रा शे." ती हसली की तिचे डोळे बारीक व्हायचे, पार मिटायचेच. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मग एका आखाजीला त्याचा मित्र रुपचंद त्याला पारावरून उठवून घेऊन गेला. "आठे काय चिल्लर खेळस?" म्हणाला. रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेली कापसाच्या जिनिंगची शेड होती. तिथं व्यापारी, ठेकेदार, बागायतदार बसायचे. खेळ झन्नामन्नाचा. एक पान ठरवायचं, मग आत आणि बाहेर अशी पानं टाकत जायची. तुमचं पान तुमच्या बाजूला पडलं तर पैसे दुप्पट, नाही तर गेले. अक्कल लागत नाही, वेळ लागत नाही. चहा गार व्हायच्या आत एखाद्याच्या बैलजोडीची किंमत इकडची तिकडे होते. झुलाल त्या पहिल्या दिवशी जिंकला. मला नेहमी वाटतं, तो हरला असता तर आबांसारखा घरी आला असता. पण जिंकला, आणि त्याची आखाजी काही केल्या संपेना. आधी दर महिन्याला एकदा, मग दर बाजाराच्या दिवशी.

जुगारी माणसाचा हात सैल सुटतो, पैसा पाण्यासारखा जातो, असं आपण ऐकत आलो. झुलालचं उलटंच झालं. मोठा पैसा उडायचा आणि बारका पैसा अडायचा. जिंकला की मोठं काहीतरी घरात यायचं. आधी बुलेट आली. मग आला फ्रीज, दोन दारांचा, इतका मोठा की दाराची चौकट खरवडून आत घ्यावा लागला. गावाला भरताची पार्टी दिली, त्यात किती वांगी भाजली याची चर्चा अजून होते. आणि त्याच घरात नळाचा वायसर बदलायला त्याच्या जिवावर यायचं. नळाला चिंधी बांधलेली. भागाच्या चपलेला तार. फ्रीजमध्ये ताकाचं एक पातेलं आणि थोड्या हिरव्या मिरच्या, बाकी नुसता दिवा लागायचा. झिपरू नावाचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, आमच्याकडे आबांच्या वेळेपासून होता. सालदाराचं वर्ष आखाजीला ठरतं, आणि बोलीत धान्य-कपड्यांबरोबर चपलेचा एक जोड असतो. त्या एका जोडावरून झुलालनं इतका वाद घातला की झिपरू म्हातारा उठला आणि दुसऱ्याच्या शेतात गेला.

मला आधी वाटायचं, हा कंजूष झाला. तसं नव्हतं. कंजूष माणूस पैसा साठवतो, तो ह्याला कुठे साठवायचा होता? पन्नास हजार एका पानावर लावणाऱ्याला शंभराची नोट दिसतच नाही, दिसते ती फक्त त्या पन्नास हजारांतली एक कमी झालेली नोट म्हणून. साबण, बल्ब, चप्पल, कोथिंबीर हा त्याच्या लेखी हरलेला डाव. तिथं जिंकायची सोयच नाही, मग पैसा लावायचाच कशाला? हे मला कळलं तेव्हा मी त्याच्याशी भांडायची थांबले नाही, फक्त भांडणात दम राहिला नाही.

आता बल्बचं सांगते.

सैपाकघरात एक पिवळा बल्ब होता, धुरानं काळवंडलेला. त्याचा उजेड खाली पोचायच्या आत थकायचा. भागा कधीची म्हणत होती, दिवा मंद झालाय. झुलाल म्हणायचा, "जयस ना? मंग?" जळतो आहे तोवर बदलायचा कशाला. भागानंही पुढे म्हणणं सोडलं. पुढे एका आखाजीला मी माहेरी गेले तर ती पोळी करत बसली होती. आमच्याकडची पुरणपोळी हातांवर फिरवत मोठी करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. भागाचा हात त्यात असा की गावातल्या बायका शिकायला यायच्या. माझ्यादेखत तिनं पोळी टाकली ती अर्धी खापरावर, अर्धी चुलीत. पुरण विस्तवात सांडलं, चर्रर झालं.

"हाऊ मेला दिवा," ती म्हणाली आणि हसली.

मला संताप आला. तिच्यावर नाही. मी तशीच उठले, गावातल्या दुकानातून चांगला पांढरा बल्ब आणला, स्टुलावर चढून स्वतः लावला. सैपाकघर लख्ख झालं. भिंतीवरची कोळिष्टकं दिसली, डब्यांवरचं तेल दिसलं. कोपऱ्यातून झुरळ पळालं.

"आते कसं?" मी विचारलं.

भागानं वर पाहिलं. मग खाली परातीकडे पाहिलं. मान थोडी इकडे केली, तिकडे केली.

"हाऊ बी मंदच शे वं अक्का," ती म्हणाली.

मी स्टुलावरून उतरले.  बाहेर लेकी झोक्यावर गात होत्या, भागाची लेक दिपमालाही त्यांत होती. शिंदखेड्याहून आदल्या दिवशीच आली होती. तिला मी आत बोलावलं आणि सांगितलं, "तुनी मायले जळगावले लई जानं शे."

सण ओसरला तसे आम्ही गेलो. झुलालही आला, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. दवाखान्यात तो भागाचा हात धरून बसला होता. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. म्हणाले, काचबिंदू आहे. डोळ्यात दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं मरत जाते, दुखत नाही म्हणून माणसाला कळत नाही. एक डोळा जवळपास गेला आहे, दुसरा अर्धा शिल्लक आहे. बल्ब मंद नव्हता. कमीत कमी बल्ब एकटाच मंद नव्हता.

झुलाल पुढे सरकला. "डॉक्टरसाहेब, एकदम काय ते सांगा. ऑपरेशन करनं व्हई ते करा. लाख, दोन लाख, मी आज भरस."

आणि त्यानं खरंच भरले असते. खिसा चाचपत होता तो.

डॉक्टर म्हणाले, "दोन लाखांचं काही नाही हो यात. गेलेली नजर कशानंही येत नाही. आहे ती टिकवायची. रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत एक-एक थेंब. एक दिवस चुकवायचा नाही, जन्मभर. आणि बाटली उघडली की महिन्यानं टाकून द्यायची, उरली असली तरी."

"उरनी तरी?" झुलालनं विचारलं.

"उरली तरी."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. डॉक्टरांनी डोळा काढून ठेवायला सांगितलं असतं तरी त्याचा चेहरा असा पडला नसता. त्याला मोठा डाव हवा होता. एका फटक्यात आर की पार. आणि इथं त्याच्या हातात आली करंगळीएवढी बाटली, दर महिन्याला, ती जिंकून काही देणार नाही, फक्त आणखी हरू देणार नाही. खालच्या दुकानात पैसे देताना तो पुटपुटला, "इतलीशी बाटली अन् इतला पैसा. अन् डोया बी बरा व्हवाव नही." भागा बाजूलाच उभी होती. तिनं ते ऐकलं.

पहिले काही महिने मी धुळ्याहून बाटल्या पाठवल्या. मग झुलालचा फोन आला. आवाज चढलेला. "अक्का, मी काय मरी गऊ का? मनी बायकोनी दवाई तू लेशी? गावमा काय तोंड दखाडू?" मी म्हटलं, तू घेशील ना नेमानं? आबांची आण घेतली त्यानं. ती आण खोटी नव्हती. मी त्याला लहानपणापासून ओळखते, आबांच्या नावानं तो खोटं बोलणार नाही. घ्यायचीच होती त्याला बाटली. फक्त पुढच्या बाजाराला.

भागाला मी फोन करायची. "टाकस ना दवाई?"

"टाकस ना वं अक्का. रोज टाकस. तुम्ही कायजी नका करा."

दिपमाला विचारायची, तिलाही तेच उत्तर. मी एकदा मध्येच जाऊन आले तर कोनाड्यात बाटली होती. माझ्यादेखत भागानं मान वर करून थेंब टाकला. एकाच डोळ्यात टाकला, पण मी म्हटलं दुसऱ्यात आधी टाकला असेल. झुलाल घरी आला तेव्हा त्यानं सहज बाटली उचलली, कानाशी नेऊन हलवली. नारळातलं पाणी बघावं तशी.

"शे आजून," तो म्हणाला. "वाजस."

पुढची आखाजी आली. मी माहेरी पोचले तर अंगणात टेम्पो उभा, पोरं गोळा झालेली. झुलाल आदल्या दिवशी जिंकला होता. आजवर कधी जिंकला नव्हता इतका. रुपचंद दारातच भेटला, म्हणाला, "अक्का, काल तुना भाऊना हातमा लक्ष्मी व्हती." टेम्पोतून टीव्ही उतरत होता, दाराएवढा. आणि भागाच्या गळ्यात नवीकोरी सोन्याची पोत होती, दोन पदरी, भरीव. झुलाल घामानं निथळत इकडून तिकडे धावत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला कितीतरी वर्षांनी तो फुटाण्याची पुडी आणणारा पोरगा दिसला. मला राग धरता येईना.

"अक्का, दिपानी मायकरता लिना," तो मला म्हणाला. "तिले बारीक दिसत नही ना. मोठा पाहिजे. आते तिले बठ्ठं दिसी." दिपमाला त्यांची एकुलती एक, म्हणून तो बायकोला दिपाची माय म्हणायचा.

टीव्ही लावायला आलेल्या माणसानं भिंतीत भोकं पाडली. टीव्ही टांगला गेला. भागाला खाटेवर अगदी समोर बसवलं. गल्लीतल्या बायका दाटीवाटीनं मागे उभ्या. तो माणूस बाहेर टेम्पोतून वायर आणायला गेला होता, पडद्यावर अजून पातळ कागद तसाच चिकटलेला होता. झुलालला दम कुठला. तो भागाच्या बाजूला उकिडवा बसला.

"पाह्य दिपानी माय, कसा शे?"

भागानं पोतीवरून हात फिरवला. तोंड टीव्हीकडे करून ती हसली. डोळे बारीक झाले.

"भलता चांगला शे," ती म्हणाली. "कितला उजेड पडना बठ्ठा घरमा! रंग बी कितला चांगला दिसस."

 मागची एक बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

"माय," दिपमाला म्हणाली, "टीव्ही चालू व्हयेल नही आजून."

भागाचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ. ते कुठे ठेवावं हे तिला कळेना. मग ती म्हणाली, "हां, मी ते म्हनी ऱ्हायनू, चालू व्हयी तवय." आणि मान खाली घातली. झुलाल उकिडवाच बसून होता. त्यानं आपला हात तिच्या डोळ्यांसमोर नेला, बोटं हलवली. पापणी लवली नाही.

कोनाड्यातली बाटली दिपमालानं आणली. ती दिवाळीच्या आधीची होती, आणि तिच्यात अजून चार थेंब होते. रडत रडत ती आईवरच ओरडली, का नाही सांगितलंस, का खोटं बोललीस. भागा शांतपणे म्हणाली, "एक डोया ते गयाच व्हता. त्यामा काय वाया घालनं? दुसरामा एक दिन आड टाकू. मंग दोन दिन आड. त्यास्ले सांगं व्हतं एक-दोनदा, दवाई सरी ऱ्हायनी. त्या हालाईसन पाहेत, म्हनेत, वाजस आजून."

तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही हो. काटकसर केली ती सांगितली. संसारात बाई तेल पुरवते, साखर पुरवते, तसा तिनं तो थेंब पुरवला. झुलालच्या लेखी जो पैसा हरलेला होता तो तिनंही हरलेलाच मानला, इतकी वर्षं त्याच्याजवळ राहून. ह्याला मी काय म्हणू? मला त्या दिवशी दोघांनाही दोन-दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या, आणि दोघांना पोटाशी धरावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. सैपाकघरात जाऊन पांढऱ्या बल्बखाली रडले.

जळगावच्या त्याच डॉक्टरांकडे गेलो. झुलालनं ह्या वेळी लाख-दोन लाखांची भाषा केली नाही. जिंकलेली सगळी रक्कम पिशवीत घालून नेली आणि टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती हळूच बाजूला सरकवली. उजेड-अंधार एवढं कळेल, ते म्हणाले, तेही सांभाळलं तर. थेंब चालू ठेवा. झुलालनं विचारलं, "आते टाकीसन काय व्हई?" डॉक्टर म्हणाले, "काही होणार नाही. पण टाका." मला वाटतं, त्या दवाखान्यात दिलेला सल्ला झुलालला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

त्यानंतर तो शेडकडे फिरकला नाही. रुपचंद बोलवायला आला, दोनदा आला, झुलालनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. पारावरसुद्धा तो बसत नाही. आता रुपचंद धरणगावच्या बाजारात कौतुकानं सांगतो, "खेळनारा म्हंजे झुलालभाऊ. आखाजीले इतला जिंकना, अन् उठना तो उठनाच. पत्ताले हात लाया नही परत. जिंकीसन उठेल मानूस मी एकच पाहेल शे." लोक माना डोलावतात. मी ते ऐकते आणि पिशवी उचलून पुढे निघते.

कोथिंबिरीवर तो आता घासाघीस करत नाही. भाजीवाली सांगेल ते देतो आणि सुट्टे पैसेही मागत नाही. तिला ते जड जातं. एकदा तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊनी तब्येत बरी शे ना?" नळाचा वायसर बदलला. भागाला मऊ चपला आल्या. दर महिन्याच्या त्याच तारखेला औषधाची नवी बाटली येते, आणि जुनी, उरलेली, झुलाल स्वतः नेऊन उकिरड्यावर टाकतो. संध्याकाळी तिचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन तो थेंब टाकतो. एखादा चुकून गालावर ओघळतो. मग दुसरा टाकतो.

यंदाच्या आखाजीला मी गेले होते. कासार आला तेव्हा झुलालनं भागाला अंगणात आणून बसवलं. "मोजू नको," तो कासाराला म्हणाला, "हात भर." मी कितीतरी वर्षांनी ते शब्द ऐकले. भागानं विचारलं, "कोनता रंग शे?" झुलाल म्हणाला, "हिरवा." तिनं लगेच विचारलं, "महाग ते नहीत ना?"

दिवेलागणीला झुलालनं घरातले सगळे दिवे लावले. हे त्याचं आता रोजचंच आहे. ओटा, माजघर, सैपाकघर, न्हाणी, प्रत्येक ठिकाणी त्यानं मोठे पांढरे बल्ब बसवून घेतले आहेत. लांबून पाहिलं तर लग्नाचं घर वाटतं. आम्ही दोघं बहीणभाऊ माजघरात बसलो होतो. भागा सैपाकघरातून आली. दारात थांबून तिनं तोंड वर केलं. तेवढा उजेड तिला अजून कळतो. मग भिंतीवरून हात फिरवत, नव्या बांगड्या वाजवत, ती बटणापाशी गेली.

"कोनासाठे जयी ऱ्हायना इतला उजेड?" ती म्हणाली. "बिल येस ना."

तिनं बटण दाबलं. माजघर काळोखात गेलं. मग न्हाणीतलं दाबलं, मग सैपाकघरातलं. मी झुलालकडे पाहिलं, पण मला तो दिसेना. तो उठला नाही, बटण परत लावायलाही गेला नाही. भागा चाचपडत आली आणि त्याच्या बाजूला टेकली.

"बसेल शेतस ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"शे ना," तो म्हणाला.